बोटानं दाखवलेलं

हिंगोली
२४ सप्टेंबर २०२४

द्वारकाबाई खराटे यांना नमस्कार.

मी सोनोग्राफीवाली डॉक्टर, नीलांबरी सेलूकर. गेल्या गुरुवारी तुम्ही कुरुंद्याहून सुनेला, शिवकन्याला, घेऊन माझ्याकडे आला होतात. शुक्रवारपासून मी फोन करतेय. पहिल्यांदा तुम्ही उचललात, माझं नाव ऐकलंत आणि "फोनवर नको बाई" म्हणून ठेवून दिलात. तेव्हापासून फोन बंद. फॉर्मवर तुमच्या मुलाचाही नंबर आहे. स्वप्निल "आईला विचारा" म्हणतो, मागे त्याच्या कंपनीचा भोंगा वाजतो आणि संपलं. म्हणून हे पत्र. डॉक्टरचं अक्षर आहे, पण माझ्या दवाखान्यातल्या सरलाला वाचायला दिलं, तिला लागलं, म्हणजे तुम्हालाही लागेल.

तर पुन्हा सांगते. शिवकन्याला सातवा महिना आहे. बाळ ठीक आहे. अडचण वारेची आहे. बाळामागून पडते ती वार. ती पिशवीत वरच्या अंगाला असायला हवी. हिची पार खाली, पिशवीच्या तोंडावरच आडवी बसलीय. त्यात हिची आधीची दोन्ही बाळंतपणं सिझरची. त्या जुन्या टाक्यांच्या जागी वार पिशवीच्या भिंतीत शिरलेली दिसते. अशी वार बाळ झाल्यावर सुटत नाही. सोडवायला गेलं की रक्ताची धार लागते आणि घटकाभरात बाई हातची जाते.

हे बाळंतपण नांदेडच्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं. कळा यायची वाट बघायची नाही. आठवा संपता संपता तिथं दाखल करायचं, रक्ताच्या बाटल्या आधी तयार ठेवायच्या. मधे थेंबभर जरी रक्त दिसलं, दुखत असो की नसो, त्याच पावली निघायचं. चिठ्ठी तुमच्याजवळ दिलेली आहे.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तुम्ही "व्हय बाई, व्हय बाई" करत होतात आणि माझं बोलणं डोक्यावरून जात होतं. मला राग आला. मला येतोच, सरला म्हणते मॅडम फक्त मशीनशी गोड बोलतात. मग मी कधी करत नाही ते केलं. नातेवाइकांना मी आत घेत नाही, तुम्हाला घेतलं, पडदा तुमच्याकडे फिरवला आणि बोट ठेवून दाखवलं, ही बघा, इथं बसलीय. तुम्ही बघितलंत, डोळ्यांना पदर लावलात. मला वाटलं, पोचलं.

पोचलं ना? दोन ओळींत कळवा.

नीलांबरी सेलूकर


कुरुंदा
२ ऑक्टोबर

डॉक्टरीन बाईला द्वारकाबाई सोनाजी खराटे हिचा नमस्कार.

पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलं हे लई बरं झालं. आमच्या मालकाच्या हाती पडलं असतं तर त्यांनी पारावर जाऊन मोठ्यानं वाचलं असतं. मी सातवी शिकलेली हाय, माझं मी वाचते.

बाई, तुमी घोर करू नका. मला तवाच समजलं. आमी खेड्यातल्या असलो तरी येवढं कळतंय. भिंतीवर ती पाटी, वर कोपऱ्यात कॅमेरा. तुमाला तोंडानं दुसरंच बोलावं लागतंय, ते बराबर हाय, कायदा लई कडक झाला. माझ्या नंदेच्या टायमाला एक डॉक्टर होता, तो तर तोंडच उघडायचा न्हाई, खिशातला पेन काढून टेबलावर ठेवायचा. उभा ठेवला तर एक, आडवा ठेवला तर एक. तुमचं त्याच्याहून चांगलं. बाईमाणूस असून मला आत घेतलं आन डायरेक बोट लावून दाखवलं. पांढरं कायतरी चमकलं बघा, माझं काळीजच हललं. दोन नातींवर शेवटी देवानं बघितलं.

तुमी जपा म्हणलं, तर लई जपून राहिले. पाण्याची घागर उचलू देत न्हाई, जनावराकडं जाऊ देत न्हाई. रोज सांजेला डोक्याला तेल लावते. आता ते नांदेडचं तुमी कागद भरायसाठी लिहिलं असंल. तिची दोन सिझर जवळच झाली, तिसरं बी होईल.

फोन बंद केला तो तुमच्यासाठीच. रेकॉर्ड होतंय म्हणे. तुमच्यावर बालंट यायला नको. घरची हळद पाठवून राहिले, शेतातली, घरी कुटलेली. न्हाई म्हणू नका.

तुमची,
द्वारकाबाई


हिंगोली
७ ऑक्टोबर

द्वारकाबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि तीन बायकांना बाहेर ताटकळत ठेवून हे लिहायला बसले. हळद परत पाठवत नाही. पाठवली तर तुम्ही त्याचाही काही अर्थ लावाल.

आता नीट वाचा. मी मुलगा की मुलगी हे बघितलेलं नाही. मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं, बोटानं नाही, पेनानं नाही, कशानंही नाही. तुम्हाला जे चमकताना दिसलं ती वार होती. मी बोट ठेवलं ते वारेवर. ज्या गोष्टीनं तुमची सून मरू शकते, तिच्यावर मी बोट ठेवलं होतं, आणि तुम्ही घरी जाऊन आनंद करताय!

तोंडानं एक आणि मनात दुसरं, असं माझ्याकडे काही नाही. नांदेडचं लिहिलं ते कागद भरायला लिहिलं नाही. मागची दोन सिझर झाली म्हणूनच तर हे तिसरं अवघड झालंय, कारण वार त्या टाक्यांतच शिरलीय. हे मी तुम्हाला आणखी कसं सांगू? तुमच्या दारात येऊन बोंब मारू?

मी तुमच्या आरोग्य केंद्रात कळवलंय. सिस्टर घरी येतील, त्यांच्याबरोबर शिवकन्याला पाठवा. पाठवलं नाहीत तर मी वरपर्यंत कळवीन. ही धमकी समजा हवी तर.

नीलांबरी सेलूकर


कुरुंदा
१५ ऑक्टोबर

बाई,

तुमचं रागाचं पत्र पोचलं. वाचलं आन चुलीत घातलं, काळजी करू नका.

तुमच्यावर कुणाची तरी नजर हाय, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. येवढ्या शिकलेल्या बाईनं बोंब मारू म्हणून लिहावं, म्हणजे कुणीतरी बाजूला उभं राहून लिहून घेतलं. तुमी आमच्यामुळं अडचणीत आल्या, ह्याचं लई वाईट वाटून राहिलं. मला कुणी विचारलं तर मी देवळात देवावर हात ठेवून सांगीन, त्या बाईनं आमाला काही दाखवलं न्हाई. मरेपर्यंत तेच सांगीन.

आरोग्य केंद्राची सिस्टरीन आशा वर्करला घेऊन आली होती. आमी आधीच शहाणपण केलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवकन्याला माझ्या बहिणीकडं ठेवून आले, रुख्मिणीबाईकडं, नरसी नामदेवला. देवळाच्या रस्त्याला तिचं प्रसादाचं दुकान हाय. सिस्टरीनला म्हणलं, माहेरी गेली. आता पथक येऊ दे का कोन येऊ दे, घरात कुणी सापडत न्हाई. बहिणीला सांगून ठेवलं, गाडीतून कुणी आलं आन शिवकन्याचं नाव घेतलं तर म्हण, आमी वळखत न्हाई.

तुमाला म्हणून पत्ता सांगितला. तुमी आमच्याच.

द्वारकाबाई


नरसी नामदेव
२० ऑक्टोबर, रविवार

शिवकन्या,

हे मी दुकानासमोर गाडीत बसून लिहितेय. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "कोन शिवकन्या? आमी वळखत न्हाई." मी म्हटलं, मीच ती डॉक्टर. त्या म्हणाल्या, "समदे तसंच म्हणतात." आतल्या दाराच्या फटीतून हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. तो तुझा असेल तर हे तुला मिळावं. त्यांना वाचता येत नाही म्हणाल्या, तेवढंच बरं. "असली कुणी तर द्या" म्हणून ठेवून जातेय.

तुझ्या सासूबाईंचा मोठा गैरसमज झालाय. त्यांना वाटतं मी मुलगा सांगितला. मी काहीही सांगितलेलं नाही. तुझी वार खाली आहे आणि जुन्या टाक्यांत शिरलीय. वेळेवर मोठ्या रुग्णालयात गेलीस तर तू वाचशील, बहुतेक पिशवी काढावी लागेल, पण वाचशील. नाही गेलीस तर काय होईल ते मी तुझ्या सासूबाईंना दोनदा लिहिलंय. तुला लिहवत नाही.

तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवते. रक्त दिसलं का कधी? खरं लिही.

डॉ. नीलांबरी


नरसी नामदेव
२५ ऑक्टोबर

मॅडम,

दारामागं मीच होते. मावशींनी तुमचं पत्र साखरफुटाण्याच्या डब्यावर ठेवलं होतं, मी उचललं.

गैरसमज आत्याबाईंचा झाला, माझा न्हाई. त्या दिवशी मी टेबलावर असताना तुमी बोलल्या ते सगळं मला तिथंच समजलं होतं. मी बारावी शिकले, मॅडम. भिंतीकडं तोंड करून मी रडत होते ते त्याच्यासाठीच. मग आत्याबाई आत आल्या, तुमी त्यांना दाखवलं, आन बाहेर निघाल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सात वर्षं झाली लग्नाला. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. स्टँडवर केळी घेतली आन सोलून दिली. तवा मला समजलं, ह्यांना काय वाटून राहिलं ते.

म्हणलं, आज नको, उद्या सांगू. उद्या त्या डोक्याला तेल लावायला बसल्या. तेल लावताना कसं सांगायचं? धाकटी झाली तवा बाळंतिणीच्या खोलीत तीन दिवस कुणी डोकावलं नव्हतं. शेजारच्या किसनसिंगकाकांच्या घरून भाकर आली होती. आता तिकडं कुरुंद्याला माझ्या वाटचं दूध दोघी लेकींना पण मिळतंय, आजी त्यांना हाक मारून बोलावते. मी तोंड उघडलं की हे सगळं जाईल. वार, टाके, त्यातलं काहीच त्यांना ऐकू यायचं न्हाई. येवढंच ऐकू येईल की मॅडमनी पोरगा म्हणलाच नव्हता.

रगत दोनदा दिसलं. एकदा दसऱ्याला, एकदा इथं. दुखलं न्हाई. फडकं मीच धुतलं. मावशीला माहीत न्हाई.

मला मरायचं न्हाई, मॅडम. असं समजू नका. माझ्या लेकी लहान हायेत. पण हे दिवस पण मला पायजेत. दिवाळीला हे येऊन राहिले. ह्यांना एकट्याला गाठून सगळं सांगीन, तुमची पत्रं दाखवीन, आन दिवाळी झाली की नांदेडला जाऊ. तोवर आत्याबाईंना काही बोलू नका. माझी शप्पथ हाय तुमाला.

तुमी खरंच बघितलं न्हाई का? बघितलं असंल तर सांगू नका.

शिवकन्या


हिंगोली
२९ ऑक्टोबर

शिवकन्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी दवाखाना बंद ठेवून गाडी घेऊन नरसीला गेले, तर तू नव्हतीस. दिवाळीसाठी घरी नेलं, एवढं या वेळी रुख्मिणीबाईंनी सांगितलं. तशीच कुरुंद्याला आले.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला लिहायचंय. तुझ्या सासूबाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, चहा दिला. मी बोलायला तोंड उघडलं आणि तू आतल्या दारात आलीस. तू मान हलवलीस. नाही म्हणून. आणि मी, जी कुणाच्या बापाला ऐकत नाही, मी गप्प बसले. चहा प्यायले आणि उठले. परत येताना गावाबाहेर गाडी बाजूला लावून स्वतःला शिव्या घातल्या.

दोनदा रक्त दिसलंय. मी तुला त्याच वेळी उचलून न्यायला हवं होतं. तुझी शपथ पाळून मी चूक करतेय, हे मला कळतंय.

नांदेडला बोलून ठेवलंय. सोमवार, अकरा नोव्हेंबर, सकाळी दाखल व्हायचं. स्वप्निल आला की त्याच दिवशी त्याला हे पत्र दाखव. तो नाही म्हणाला तर माझ्या नंबरवर नुसता फोन कर, कुणाच्याही फोनवरून, काही बोलू नकोस, वाजला तरी मी समजेन. आणि पुन्हा रक्त दिसलं तर शपथ संपली. मोठ्यानं ओरड. सासूबाई काय म्हणतील ते म्हणू देत.

हे पत्र मी स्वतः आणलं असतं तर तुझ्या हाती लागलं नसतं. आशा वर्करच्या पिशवीतून पाठवतेय, लोहाच्या गोळ्यांखाली असेल.

नीलांबरी


कुरुंदा
२४ नोव्हेंबर

डॉक्टरीन बाईला द्वारकाबाईचा नमस्कार.

तेरावं झालं, मग लिहायला बसले. शिवकन्या गेली.

नऊ तारखेला, शनिवारी, सकाळी चहाच्या टायमाला. ती वट्ट्यावर बसली होती, मी तिची वेणी घालून राहिले होते. "आत्याबाई, पाणी सांडलं का वो?" म्हणली. मी बघितलं तर पाणी नव्हतं. जीप मिळेपर्यंत दोन लुगडी भिजली. वसमतला म्हणले, थांबू नका, पुढं न्या. नांदेडला लगेच आत घेतलं, डॉक्टर लोकांनी लई धावपळ केली, माणसं रक्त द्यायला उभी होती. रक्त घालायचे तेवढं वाहून जायचं. लेकरू आधी काढलं. दुपारी दोनला आमाला आत बोलावलं.

सगळ्या रस्त्यानं तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदाच बोलली. म्हणली, "आत्याबाई, लेकींना दूध देत जा." मी म्हणलं, अगं गप बस, तूच दे घरी येऊन. माझी सून लई गुणाची होती, बाई. मी तिला पहिली सात वर्षं नीट वागवलं न्हाई. शेवटचे दोन महिने वागवलं. तेवढंच मला आठवून राहिलं, रडायला.

पोरगा झाला. पावणेदोन किलोचा, काचेच्या पेटीत ठेवला होता, आता घरी आणला. जगंल म्हणतात.

तिथल्या डॉक्टरीननं मला विचारलं, आधी सोनोग्राफीत कुणी काही सांगितलं नव्हतं का? मी म्हणलं, सांगितलं होतं की. पोरगा सांगितला होता. तुमचं नाव घेतलं न्हाई, भिऊ नका.

तिच्या पेटीत लेकीच्या झबल्यात गुंडाळलेली तुमची दोन पत्रं सापडली. वाचली. त्यात लिहिलं होतं, आधी दोनदा रगत दिसलं. मला काहून सांगितलं न्हाई तिनं? मी काय खाल्लं असतं का तिला? स्वप्न्या दिवाळीला येणार होता, कंपनीनं सुट्टी दिली न्हाई. सारखी रस्त्याकडं बघायची. मला वाटायचं, नवऱ्याची वाट बघून राहिली.

ती पत्रं मी चार दिवस उशाखाली ठेवली. रोज काढून बघायची. बाई, त्यातलं खरं मानलं तर मग मी काय केलं, ते मला बघावं लागतंय. माझ्यानं होत न्हाई. पोरगा झाला, येवढं तर खरं हाय ना? तुमी बोट ठेवलं तसंच झालं. आन कुणासाठी न येणाऱ्या तुमी गाडी घेऊन आमच्या दारात आल्या, ते पोरीसाठी आल्या असत्या का? पत्रं चुलीत घातली. तुमच्यावर बालंट नको.

आता एक इनंती हाय. न्हाई म्हणू नका. गावात सगळ्यांना माहीत झालं, हिंगोलीच्या बाई बोटानं दाखवतात. मी कुणाला सांगितलं न्हाई, पण लेकरू बघायला आलेल्या बायका विचारून राहिल्या. आमच्या गल्लीतल्या पेमाची सून हाय, तिच्या रणजीतची बायको. तिला बी दोन लेकी, दोन्ही सिझर. सहावा चालू हाय. रोज माझ्याकडं येऊन बसते, लेकराला मांडीवर घेते. येत्या गुरुवारी मी तिला घेऊन येते.

मला आत घ्या आन तिचं बी बोट लावून दाखवा. तोंडानं तुमाला काय बोलायचं ते बोला. तिकडं आमी ध्यान देत न्हाई.

तुमची,
द्वारकाबाई